पीसीआय (भट्टीत कोळशाची पूड मारणं) वाढवून कोक कमी केला की डीपी (भट्टीच्या खालच्या-वरच्या गॅसच्या दाबातला फरक) का चढतो?

नवखा_मेटलर्जी:
ब्लास्ट फर्नेसबद्दल (लोखंड वितळवून काढायची उभी भट्टी) वाचतोय, एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. कोकचं काम जळून उष्णता आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) द्यायचं, मग ट्यूयरमधून (खालून गरम हवा फुंकायच्या नळ्या) कोळशाची पूड मारून तेच मिळत असेल तर वरून कोक कमी टाकला तर बिघडलं कुठे? पण जो तो म्हणतो कोक रेट खाली आला की डीपी चढतो, हँगिंग होतं (माल खाली न सरकता अडकतो). आणि दुसरं म्हणजे कोक कमी करायचा तर कोकचा थर पातळ करायचा की तो तेवढाच ठेवून ओअरचा (लोहखनिजाचा) थर जाड करायचा? दोन्हीकडे ओअर-कोक रेशो तोच येतो ना?

रात्रपाळी:
रेशो कागदावर तोच येतो हो, पण गॅसला थर पार करायचे असतात. वर शाफ्टमध्ये (भट्टीच्या वरच्या भागात) सगळा माल सुटा असतो, तिथे गॅस ओअरमधून त्रासाने का होईना पण जातो. खरी गोची खाली आहे. साधारण 1100-1200 डिग्रीला सिंटर, पेलेट (भाजून बांधलेले ओअरचे तुकडे आणि गोळ्या) मऊ पडायला लागतात, वरच्या वजनाने दबतात आणि 1400 च्या आसपास वितळून ठिबकेपर्यंत तो थर असा गच्च होतो की गॅसला वाट जवळपास बंदच. कोक तेवढा घन राहतो. मग रेसवेतून (ट्यूयरसमोरची पोकळी) वर आलेला गॅस दोन चिकट थरांच्या मधल्या कोकमधून आडवा सरकून बाहेर पडतो, त्यालाच कोक विंडो म्हणतात. पूड मारून उष्णता मिळेल, सीओ मिळेल, खिडकी नाही मिळणार. 1970 च्या दशकात जपानमध्ये चालू भट्ट्या थंड करून थराथराने खोदून बघितल्यात, कोक-ओअरचे थर पार कोहेसिव्ह झोनपर्यंत (ओअर मऊ पडून चिकटतं तो पट्टा) वेगवेगळे टिकलेले सापडले.

आकडेमोड:
वरच्यात भर. समजा थ्रोट (भट्टीचं वरचं तोंड) 8 मीटर व्यासाचा, म्हणजे 50 चौ. मीटर. कोकची बॅच (एका वेळी टाकलेला माल) 15 टन, बल्क डेन्सिटी (ढिगाची घनता) घनमीटरला 0.5 टन धरली तर 30 घनमीटर, थर झाला 60 सेंमी. हाच थर खाली 11 मीटरच्या बेलीत (भट्टीचा सगळ्यात रुंद भाग) पसरला की राहतो 32 सेंमी. आता ओअर तेवढंच ठेवून कोक 30 टक्के कापा, बेलीत उरले 22 सेंमी. कोकचा तुकडा 50 मिमीचा, म्हणजे उंचीत जेमतेम चार तुकडे! त्यात बारीक सिंटर वरून कोकच्या फटीत घुसतं, तो मिसळलेला पट्टा थर पातळ केला म्हणून कमी होत नाही. म्हणून शक्यतो कोक बेस (कोकची बॅच तेवढीच) धरून ठेवतात आणि ओअर वाढवतात.

ओअर वाढवलं तरी डीपी चढणारच, ते वेगळं. एर्गनच्या समीकरणात (थरातून जाताना गॅसचा दाब किती पडतो ते देणारं) कोकला 0.5 व्हॉइडेज (फटींचा वाटा) आणि 50 मिमी, सिंटरला 0.4 आणि 15 मिमी टाकून बघा, गॅसचा वेग तोच धरला तर सिंटरमध्ये प्रेशर ड्रॉप सात-आठ पट येतो.

नवखा_मेटलर्जी:
चार तुकडे वाचून एकदम लख्ख झालं. मग बॅचच मोठ्या करायच्या ना, कोक जाड, ओअर पण जाड?

चार्जिंगवाला:
तसं सरळ नाही ते. बॅच मोठी केली की खिडक्या जाड होतात पण संख्येने कमी होतात, आणि ओअरचा जाड थर आतपर्यंत नीट तापत नाही, रिडक्शनही (ओअरमधला ऑक्सिजन निघणं) मागे राहतं, मग तो कच्चाच खाली उतरतो. प्रत्येक भट्टीची एक मधली जागा असते, ती तिच्यावरच शोधावी लागते.

आणि मंडळी, तुम्ही सगळे थर सपाट धरून बोलताय. जड ओअर कोकवर पडलं की कोक मध्याकडे ढकलला जातो, म्हणजे चार्टवर 60 सेंमी लिहिलं तरी भिंतीकडे तेवढा असेलच असं नाही. मध्यभागी मुद्दाम कोक जास्त टाकला की गॅसला धुराड्यासारखी वाट मिळते, कोहेसिव्ह झोन उलट्या व्ही आकाराचा होतो आणि भिंतीवरचा ताप कमी होतो. पण हात सैल सोडला तर गॅस काम न करताच वर निघून जातो, सीओ युटिलायझेशन (सीओचा किती भाग कामी आला ते) पडतं आणि वाचवलेला कोक तिथेच परत जातो. मी तरी नुसत्या डीपीवर कधी निर्णय घेत नाही, अबव्ह बर्डन प्रोबचं (मालाच्या वर बसवलेला तापमान मोजणारा दांडा) तापमान मध्यापासून भिंतीपर्यंत कसं पडलंय ते सोबत बघतो. कोकचा सीएसआर (सीओटूशी रिअ‍ॅक्शन झाल्यावर उरणारी ताकद) पडला असेल तर मग थराची जाडी मोजण्यातही अर्थ नाही, खाली जाईपर्यंत चुरा होऊन तोच फटी बुजवतो.

नवखा_मेटलर्जी:
आणि नट कोक (लहान तुकड्यांचा कोक) ओअरमध्येच मिसळतात ते कशाला? थर वेगळे हवेत म्हणता ना?

रात्रपाळी:
थर वेगळेच राहतात, नट कोक ओअरच्या थराच्या आत असतो. मऊ पडलेल्या ओअरमध्ये तो थोड्या फटी धरून ठेवतो आणि सीओटू आधी त्याला खातो, त्यामुळे खिडकीतला मोठा कोक कमी झिजतो. फक्त बारीक माल चाळून काढून टाका, चुरा आत गेला तर उलटंच होईल.