रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यांनो, एकदा चालत ओलांडून दाखवा

पायपीट:
क्लचप्लेट यांचा लेख काल वाचला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शहर तुंबतं ते पायी चालणाऱ्यांमुळे. म्हणून फुटपाथ कापून दोन्ही बाजूंना एकेक लेन वाढवा, मधले सिग्नल काढा आणि पायी लोकांना पूल बांधून द्या, 'तेवढाच व्यायाम'. या शेवटच्या दोन शब्दांवर माझी सटकली, नाहीतर मी गप्पच बसणार होते.

माझी आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले. घरासमोरचा रस्ता चार लेनचा होता तोवर ती रोज पलीकडच्या बागेत जायची. गेल्या वर्षी सहा लेन झाल्या, तेव्हापासून बाग बंद. यात गूढ काही नाही, साधा भागाकार आहे. लेन साधारण साडेतीन मीटरची. चार लेन म्हणजे १४ मीटर, सहा म्हणजे २१. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सर्रास धरतात. म्हणजे १४ मीटरला बारा सेकंद, २१ ला साडेसतरा. आई काठी घेऊन सेकंदाला पाऊण मीटरही चालत नाही, मी घड्याळ लावून मोजलंय. तिला अठ्ठावीसच्या वर लागतात आणि हिरवा माणूस वीस सेकंदांत विझतो. उरलेले आठ-नऊ सेकंद ती रस्त्यात, समोर गाड्या गुरगुरत उभ्या.

पूल म्हणजे जवळजवळ दोन मजले चढायचे आणि दोन उतरायचे. बाग बघायला.

बरं, एवढं करून मिळतं काय? गर्दीच्या वेळचा रस्ता कितीही वाढवा, तो पुन्हा भरतो, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच मांडलंय. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा कॅटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन. काही वर्षांतच ऑफिसच्या वेळचा प्रवास परत लांबला. आता सत्ताविसावी लेन कुठून काढायची, दिवाणखान्यातून?

क्लचप्लेट:
लेख माझा, तेव्हा उत्तरही माझंच. आईंच्या गुडघ्यांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण एका आईच्या गुडघ्यांवर शहराचं वाहतूक धोरण ठरत नाही.

माझं घर ते ऑफिस १७ किलोमीटर. गाडीने पन्नास मिनिटं. बसने दोन बस, मध्ये बदली, एक तास पन्नास, तेही बस आली तर. सकाळी धाकटीला पाळणाघरात सोडायचं, संध्याकाळी साडेसहाच्या आत उचलायचं. सहा पस्तीस झाले की तिथल्या बाई कपाळाला आठ्या घालून दारात उभ्या. 'गाडी सोडा' म्हणणाऱ्यांपैकी किती जण पाळणाघराच्या घड्याळावर जगतात?

आणि ह्यूस्टनचं काय सांगता? रस्ता भरला याचा अर्थ लोकांना तो हवा होता. दवाखान्यातल्या खाटा भरल्या म्हणून कुणी खाटा कमी करा म्हणतं का?

आकडेमोड:
खाट टाकली म्हणून कुणी आजारी पडत नाही हो. लेन टाकली की मात्र माणूस दूरचं घर घेतो. अमेरिकेतल्या शहरांचा डुरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास आहे: महामार्गांवरच्या लेनची एकूण लांबी जितके टक्के वाढली, गाड्यांचा एकूण प्रवास जवळजवळ तितकेच टक्के वाढला. तुमचं ऑफिस १७ किलोमीटरवर का, हे विचारा आधी स्वतःला.

क्लचप्लेट:
कारण ऑफिसजवळचं घर परवडत नाही. सुटलं कोडं?

आकडेमोड:
सुटलं. मग घरांसाठी भांडा ना. लेनसाठी कशाला भांडताय?

काडेपेटी:
भांडा, भांडा. मी पुढची जागा धरून बसलोय.

निवृत्त_स्लॅब:
आयुष्यभर रस्ते बांधले, म्हणून दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावण्याचा हक्क आहे असं समजतो.

रस्ता वाढवला की प्रश्न सुटतोच असं नाही, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलं होतं. नवा जोडरस्ता दिला आणि ज्याने त्याने आपापल्यापुरती जवळची वाट धरली, तर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, हे ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली गणिताने दाखवलं. माहीत असूनही बांधत राहिलो. उड्डाणपुलाची फीत कापता येते, बसच्या वेळापत्रकाची नाही. एवढंच कारण, यापेक्षा खोल काही शोधू नका.

आता दुसरी बाजू. 'दक्षिण कोरियातल्या सोलने उन्नत महामार्ग पाडला आणि खालचा ओढा मोकळा केला, तरी शहर बुडालं नाही' हे सांगायला आता कुणीतरी येईलच. २००३ मध्ये पाडायला घेतला, २००५ मध्ये ओढा खुला झाला, सगळं खरं. पण मधल्या २००४ मध्ये त्यांनी बससेवा मुळापासून बदलली, रस्त्याच्या मध्यावर बसच्या लेन काढल्या, बस आणि मेट्रोचं भाडं एकत्र जोडलं, हे कुणी सांगत नाही. ओढ्याचा फोटो छान येतो. भाड्याच्या रचनेचा काय फोटो काढणार?

डबलबेल:
स्लॅबसाहेब, बसचा विषय काढलात म्हणून लिहितो. १९ वर्षं चालवली आहे.

'एक येत नाही आणि मग तीन एकदम येतात, ड्रायव्हर मुद्दाम करतात' ही शिवी मी हजार वेळा खाल्ली असेल. दहा-दहा मिनिटांनी बस सुटल्या असं धरा. पुढच्या बसचे सिग्नलला दोन मिनिटं गेले. पुढच्या थांब्यावर त्या दोन मिनिटांची माणसं जादा. ती चढेपर्यंत आणखी उशीर, त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी माणसं. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती पळत सुटते. अर्ध्या मार्गावर दोघी एकमेकींना चिकटतात. पुढची खच्चून भरलेली, मागची रिकामी आणि शिव्या दोघींना.

हे टाळायचं तर बसला स्वतःचा रस्ता लागतो. ब्राझीलमधल्या क्युरितिबाने १९७४ मध्ये दिला, कोलंबियातल्या बोगोटाने २००० मध्ये. आमच्या मार्गावरही रंगवला होता एक पट्टा. पहिले आठ दिवस आम्ही राजे. नवव्या दिवशी त्यात एक गाडी उभी, 'दोनच मिनिटं' म्हणून. महिन्याभरात तो पट्टा म्हणजे फुकटचा वाहनतळ. क्लचप्लेटसाहेब, तुमचे बसचे एक तास पन्नास त्यात उभे आहेत.

चाकखुर्ची:
अशा चर्चेत आमच्यासारखे लोक फक्त उदाहरणापुरते येतात, म्हणून स्वतःच आलो.

मी चाकांची खुर्ची वापरतो आणि हाताने चालवायची गाडी चालवतो. ती माझी चैन नाही, ते माझे पाय आहेत. बसच्या पहिल्या पायरीशीच माझा प्रवास संपतो. 'गाडीमुक्त शहर' ऐकलं की मला 'माझ्यामुक्त शहर' ऐकू येतं. पायपीटताई, तुमच्या आईंबद्दल सहानुभूती आहे, पण तुमच्या स्वप्नातल्या शहरात मी कसा फिरायचा तेही एकदा लिहा.

आणि पूलवाल्यांनो, जिन्याचा 'तेवढाच व्यायाम' तुम्हीच करा.

खरा राग मात्र वेगळाच आहे. आमच्या रस्त्याच्या फुटपाथला उतार एकच. त्याच्या तोंडाशी कुणीतरी रोज कुंडी ठेवून गाडीची जागा धरतं. कुंडी गेली की गाडी येते, गाडी गेली की कुंडी.

क्लचप्लेट:
उतारापुढे कुंडी ठेवणाऱ्याला फटके द्या, माझी ना नाही. पण सगळे कुंडीवाले सारखे नसतात. कुंडी मीही ठेवतो. माझ्या गेटासमोर, माझ्या जागेवर.

पायपीट:
'माझ्या जागेवर'? रस्त्याचं खरेदीखत आहे का? असेल तर दाखवा.

क्लचप्लेट:
कर भरतो. रात्री दमून आल्यावर परक्याची गाडी दारात बघितली की कसं वाटतं ते ज्याचं त्याला कळतं.

आकडेमोड:
कर मीही भरतो. माझ्याकडे गाडी नाही, त्या जागेत कपाट ठेवू का? पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. एवढ्या जागेत माणसं भाड्याने राहतात! तुमची गाडी दोन तास पळते आणि उरलेले बावीस तास सरकारी जमिनीवर झोपते. जपानात १९६२ च्या कायद्याने गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो, तीही घरापासून दोन किलोमीटरच्या आत. बहुतेक गाड्यांची नोंदणीच त्याशिवाय होत नाही. तिथे कुंडीत झाडं लावतात.

काडेपेटी:
मी एकदा अशीच कुंडी अलगद उचलून गेटाच्या आत ठेवली आणि माझी गाडी लावली. सकाळी चारही चाकांत हवा नाही.

क्लचप्लेट:
मी कधी कुणाची हवा काढलेली नाही. काढणाऱ्याचं दुःख मात्र समजू शकतो.

पायपीट:
वा! म्हणजे गुन्हा नाही, फक्त सहवेदना.

निवृत्त_स्लॅब:
मंडळी, विषय वाहतुकीचा होता.

डबलबेल:
कुंडी हाच विषय आहे साहेब. रस्त्याची रुंदी नकाशात बघायची नसते, दोन्हीकडच्या उभ्या गाड्या वजा करून बघायची असते. अडीच-अडीच मीटर काढा दोन्हीकडून. चौदाचे नऊ झाले. माझी बस एकटीच अडीच मीटर रुंद, आरसे सोडून.

निवृत्त_स्लॅब:
हे मान्य. नाइलाजाने. मग रस्त्यावर गाडी लावायचं भाडं घ्या. पार्किंगचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले: भाडं इतकं ठेवा की प्रत्येक गल्लीत एखाद-दोन जागा कायम रिकाम्या राहतील. फुकट ठेवलं की शोधणाऱ्यांच्या घिरट्या.

क्लचप्लेट:
आलं, म्हणजे पैसेवाल्याला जागा आणि मी फिरतोय. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागात गाडी आणायचं शुल्क लावलं, सुरुवातीला कोंडी कमी झाली आणि काही वर्षांत परत आली. तिथलेही लोक वैतागलेलेच.

आकडेमोड:
अर्धंच सांगताय. शुल्कामुळे आत येणाऱ्या गाड्या कमीच राहिल्या. मोकळी झालेली जागा खोदकामांनी आणि बस, पादचाऱ्यांना दिलेल्या वाट्याने घेतली. स्टॉकहोम बघा. २००६ मध्ये सात महिने प्रयोग म्हणून शुल्क लावलं, हद्द ओलांडणारी वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते, अनुभव घेतल्यावर सार्वमतात त्याच शहराने होकार दिला आणि २००७ मध्ये ते कायम झालं.

क्लचप्लेट:
स्टॉकहोममध्ये बस वेळेवर येते. आधी बस आणा, मग माझ्या खिशात हात घाला.

डबलबेल:
बस आणायला पट्टा लागतो. पट्ट्यात तुम्ही उभे आहात.

क्लचप्लेट:
मी नाही हो, माझ्यासारखे कुणीतरी! प्रत्येक पापाचं बिल माझ्याच नावावर फाडणार का?

पायपीट:
फाडणार, कारण 'एका आईचे गुडघे' हे शब्द तुमचे आहेत. रात्रभर डोक्यात घुमले ते.

डोनाल्ड अॅपलयार्ड नावाचे एक नगररचनाकार होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकमेकींसारख्या तीन रस्त्यांवर त्यांनी लोकांना विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती? दिवसाला सुमारे २००० गाड्या जातात तिथे सरासरी तीन. सुमारे १६,००० जातात तिथे एकही धड नाही, ०.९. समोरासमोर राहणारी माणसं. आमच्या रस्त्यापलीकडे आईची एक मैत्रीण राहते. आता दोघी फोनवर बोलतात. एकमेकींच्या खिडकीत बघत. अॅपलयार्ड १९८२ साली अथेन्समध्ये मोटारीच्या धडकेनेच गेले. हे कशासाठी सांगितलं, मलाही माहीत नाही. राग आलाय म्हणून.

चाकखुर्ची:
ताई, पटलं. पण माझे जे तीन मित्र आहेत ते मला भेटायला गाडीनेच येतात, आणि जागा नाही म्हणून दारावरून परत जातात. तेही मोजा कुणीतरी.

पायपीट:
मोजायलाच हवं. माझ्या शहरात तुमची जागा उताराशेजारी, नाव लिहून राखीव. आणि बसचा मजला फुटपाथच्या पातळीला. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

चाकखुर्ची:
हरकत नाही. उतारापुढची कुंडी तेवढी आधी.

काडेपेटी:
पत्ता सांगा. कुंडी हलवायचा अनुभव आहे.

क्लचप्लेट:
चार दिवसांनी लिहितोय. तुमच्या समाधानासाठी मंगळवारी कुंडी उचलून गेटाच्या आत ठेवली. तासाभरात तिथे एक राखाडी गाडी लागली, ती अजून हललेली नाही. काचेवर धूळ बसली, त्यावर कुणीतरी बोटाने बदक काढलंय. मी आता पाऊण किलोमीटरवर गाडी लावून चालत येतो. खूश?

वाटेत सहा लेनचा रस्ता आहे. धाकटीला कडेवर घेऊन ओलांडला, सेकंद मोजत. हिरवा माणूस बावीस सेकंद, त्यातले पहिले चार वळणाऱ्या गाड्याच खातात. तिला खाली उतरवून चालवलं असतं तर पोचलो नसतो. एवढंच सांगायचं होतं. लेख मागे घेत नाही. 'तेवढाच व्यायाम' तेवढं काढून टाकतो.

पायपीट:
कुंडीत काय लावलं होतं?

क्लचप्लेट:
निवडुंग. मुद्दाम.