म्हातारं मांजर असेल तर आधी रक्त तपासा

मांजर रात्री-पहाटे ओरडून झोपू देत नसेल तर "दार लावून घ्या, आठवडाभर दुर्लक्ष करा, आपोआप गप्प बसेल" असं सांगतात, पण हा सल्ला तरुण मांजराला लागू पडतो. पहाटे उठून खाणं दिलं, तर 'ओरडलं की मिळतं' हे ते पक्कं शिकतं. आमच्या लालबागच्या वन रूम किचनमध्ये लावायला दारच नाही, म्हणून आम्ही झोपण्याआधी १० मिनिटं दोरीमागे पळवायचो आणि मगच पोटभर वाढायचो. जमतं ते.

पण मांजर १० वर्षांच्या पुढचं असेल आणि रात्रीचं ओरडणं अचानक सुरू झालं असेल, तर कृपा करून दुर्लक्ष करू नका. आमची मनी १३ वर्षांची. रात्री अडीच-तीनला ओट्याखाली उभी राहून लहान मूल रडावं तशी ओरडायची. खाणं तर दुप्पट, बोंबलाचा काटासुद्धा सोडायची नाही, तरी पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे. आम्ही वयावर ढकललं, त्यात दोन महिने गेले. ते अजून सलतं मला. शेवटी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यात नेली, रक्तात टी-४ हे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत होती. मूत्रपिंडाचा आजार आणि वाढलेला रक्तदाब यांमुळेही म्हातारी मांजरं अशी ओरडतात, तेही एकदमच तपासून घ्या. दिवसातून दोनदा गोळी सुरू केली, आणि चौथ्या आठवड्यात मनी रात्रभर माझ्या पायाशी झोपली.