सोबर झाल्यावर 'मी खरंच मद्यपी होतो का' असं विचारायचंच नाही का?

नदीकाठ:
दारू सुटून वर्ष उलटलं. एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' गटाच्या मीटिंगला जातो, उभं राहून 'मी मद्यपी आहे' म्हणतो, पण आतून पटत नाही. माझे हात कधी थरथर कापले नाहीत, सकाळी कधी घेतली नाही, नोकरी शाबूत आहे. शनिवारी बसलो की मात्र क्वार्टरवर थांबत नसे. डॉक्टरांच्या 2013 पासूनच्या निकषांत दारूच्या व्यसनाची 11 लक्षणं आहेत: वर्षभरात 2-3 दिसली तर सौम्य, 4-5 मध्यम, 6 किंवा जास्त असली तर तीव्र. तिथे पायऱ्या आहेत, मग मीटिंगमध्ये सगळ्यांना एकच शिक्का का? आणि हे विचारलं की लगेच 'याची स्लिप जवळ आली', म्हणजे हा परत पिणार. मला हे चूक वाटतं.

घाटवाट:
शिक्का मारतंय कोण? एएत यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. मद्यपी असल्याचा दाखला कुणी मागत नाही. मी एवढंच पाहत आलोय की हा प्रश्न पीत असताना कुणाला पडत नाही. तब्येत सुधारली, घरात बोलणं सुरू झालं, 31 डिसेंबर जवळ आला की पडतो. 'मी तसला नव्हतोच' याच्या मागोमाग 'मग दोन पेग चालतील' येतंच.

नदीकाठ:
येतंच असं नाही. अमेरिकेत 1976 साली रँड संस्थेच्या अहवालात उपचार घेतलेले काही जण पुढे बेताने पिताना आढळले, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. मला प्यायचं नाहीये. मला खरं काय ते हवंय.

शनिवारची बायको:
आमच्याकडेही फक्त शनिवार. हात कापणं नाही, शिवीगाळ नाही. पण बसायचं ठरलं की नाही यावर बुधवारपासून ह्यांचा मूड. शनिवारी पाहुणे आले की चेहरा उतरायचा, फ्रीजमधला बर्फाचा ट्रे चारदा उघडून बघायचे. रात्री स्कूटरची चावी मी तांदळाच्या डब्यात लपवायची. सौम्य की मध्यम, हे ज्याला ठरवायचंय त्याने ठरवावं.

वॉर्डातली सिस्टर:
हात कापणं हे 11 पैकी एकाच लक्षणात मोडतं. ठरवलं त्याहून जास्त पिणं, कमी करायला जाऊन न जमणं, तलफ, भांडणं होऊनही चालू ठेवणं, पिऊन गाडी चालवणं हीसुद्धा त्यातलीच. हात न कापताही सहा भरतात. नदीकाठ, मोजायचंच तर पिण्याचं सगळ्यात वाईट वर्ष मोजा. गेलं वर्ष कोरडं होतं, त्यात काय सापडणार? आणि रोज भरपूर पिणाऱ्या कुणी हे वाचून 'बंद करून बघतो' म्हणत घरीच परीक्षा घेऊ नये. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा.

नदीकाठ:
वाईट वर्ष धरून मोजलं. पाच. म्हणजे मध्यम, तीव्र नाही. प्यायला लागणार नाही, पण पुढच्या मीटिंगला फक्त नाव सांगेन, 'मद्यपी' म्हणणार नाही. चालेल?

घाटवाट:
खुशाल नुसतं नाव सांग, ये मात्र. आणि ते पाच एकट्यानेच मोजलेस, की वहिनींनाही विचारलंस?