मदत हवी आहे: गेम खेळताना पीसी आपोआप बंद पडायलाय, शेवटचं मिशन संपंना

शिवारातला_खेळाडू
नमस्कार मंडळी. लई वैतागून लिहायलो. गेम खेळताना पीसी बंद पडायलाय. हँग नाही, निळी स्क्रीन नाही, एकदम काळं आन् परत आपोआप चालू. शेवटचं मिशन राहिलंय. चार रात्री झाल्या, दर वेळी अर्ध्यात जातंय आन् पुन्हा पहिल्यापासून. तालुक्याला दुकानात नेला, तिथं तीन तास चालला, एकदा पण बंद पडला नाही. दोनशे रुपये घेतले आन् म्हणले पीसी ओके आहे. काय बदलावं ते लवकर सांगा, आज रात्री परत बसायचंय.

रॅमवाला_नांदेड
रॅम काढ, सोनेरी पट्टी खोडरबरनं हळू घास, कोरड्या कपड्यानं पूस आन् परत बसव. खटका दोन्हीकडून लागला पाहिजे. माझे तीन पीसी याच उपायानं सुरू झाले.

लातूरकर_गेमर
पीसी कोणता? ग्राफिक कार्ड कोणतं? एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा? गेम कोणता? काहीच सांगितलं नाहीस, आम्ही काय ओळखावं? नवा गेम असेल तर कार्डावर लोड येतो आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस जीव सोडतो. त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण तेवढे निघत नाहीत. सरळ नवीन घे.

कन्सोलप्रेमी_पुणे
म्हणूनच मी पीसी सोडला. कन्सोल लावा, खेळा, उठा. ड्रायव्हर नाही, थर्मल पेस्ट नाही, काही नाही.

शिवारातला_खेळाडू
रॅम पुसली. काही फरक नाही, आत्ताच परत गेला.
गेम जीटीए सॅन अँड्रियास. शेवटचं मिशन म्हणल्यावर कळायला पाहिजे होतं. पीसी जुना आय३, ८ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही. एसएमपीएस कॅबिनेटसोबतचाच.

लातूरकर_गेमर
मग माझं म्हणणं मागे घेतो. सॅन अँड्रियास २००४ चा गेम, पीसीवर २००५ मध्ये आला. त्याला आय३ वर घाम पण येत नाही. गेमच्या लोडनं पीसी पडतोय हे शक्य नाही. गेम चालू नसताना कधी बंद पडलाय का?

शिवारातला_खेळाडू
हो, परवा गाणी लावली होती तेव्हा पण गेला. पण मी गेमचं विचारायलो म्हणून लिहिलं नाही.

लातूरकर_गेमर
अरे हेच तर सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं!

विंडोज_गुरुजी
क्रॅक केलेला गेम असणार, त्यात व्हायरस असतात. नवीन विंडोज टाका, सी ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करा. आणि इंटरनेट हळू असेल तर डीएनएस बदलून पाहा, पिंग निम्म्यावर येतो.

गोदाकाठची
विंडोज_गुरुजी, डीएनएस बदलून गेमचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) निम्मा होत नाही, आणि सॅन अँड्रियासला पिंग लागतोच कशाला? तो एकट्यानं खेळायचा गेम आहे. आणि फॉरमॅट करायला सांगताना सेव्ह फाईल आधी कॉपी करायला तरी सांगा. ती डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरात असते. ती गेली तर त्या बिचाऱ्याचा अख्खा गेम जाईल, नुसतं मिशन नाही.
शिवारातले दादा, मला तुमचं दुःख कळतंय. त्या मिशनमध्ये आधी बिग स्मोक या खलनायकाचा अख्खा वाडा मजला-मजला चढायचा, मग खाली उतरून फायर ब्रिगेडच्या गाडीचा पाठलाग, नायकाचा भाऊ स्वीट मागे लटकलेला. जुन्या पीसी आवृत्तीत मध्ये एकही चेकपॉइंट (हरलं तर जिथून पुढं सुरू करता येतं ती जागा) नाही. पुढं मोबाइलच्या आवृत्तीत मिशनमध्येच चेकपॉइंट दिले. ही सोय पहिल्या दिवसापासून पाहिजे होती.

सेव्हपॉइंट
मला नाही पटत. सेव्ह मर्यादित असणं ही त्या खेळाची ताकद आहे. १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये टाइपरायटरवर सेव्ह करायचं आणि त्यासाठी शाईची रिबन खर्च करायची. रिबन किती उरल्या हे मोजत मोजत दार उघडायचो, म्हणून भीती वाटायची. सॅन अँड्रियासमध्ये पण घरी जाऊन फ्लॉपीच्या चिन्हावर उभं राहिल्याशिवाय सेव्ह होत नाही, त्यामुळे घराला किंमत येते. कुठेही सेव्ह दिलं की चुकीची किंमतच उरत नाही.

गोदाकाठची
चुकीची किंमत खेळाडूनं मोजावी, मान्य. पण लाईट जाणं ही खेळाडूची चूक आहे का? माझं लेकरू झोपेतून उठलं ही माझी चूक आहे का? मी रात्री लेकराला झोपवून तासभर खेळते. गेम कधी बंद करायचा हे माझ्या हातात नसतं. २०१८ च्या किंगडम कममध्ये आधी आपल्या मनानं सेव्ह करायचं तर झोपून नाहीतर एक महागडं पेय पिऊन करावं लागायचं. लोकांनी ओरड केली, मग 'सेव्ह करून बाहेर पडा' ही सोय दिली. त्यानं गेमची मजा गेली का? नाही गेली. एल्डन रिंग एवढा अवघड, पण तो सारखा आपोआप सेव्ह करत राहतो. अवघड ठेवा, पण माणसाचा वेळ खाऊ नका.

सेव्हपॉइंट
एल्डन रिंगमध्ये पॉज नाही, हे पण लिहा. लेकरू उठलं तर तिथंही मरणारच.

तिसरी_फेज
ही चर्चा नंतर करा, आधी त्याचा पीसी बघू. मी जालन्याचा, वायरिंगचं काम करतो. शिवारातले भाऊ, एवढं सांगा: कोणत्या वेळी बंद पडतो? त्याच वेळी फॅनचं काय होतं? आणि घर गावात का शेतात?

शिवारातला_खेळाडू
लाईटचा प्रश्नच नाही भाऊ. घरी इन्व्हर्टर आहे. लाईट गेली तरी पीसी चालू राहतो, खूपदा बघितलंय. म्हणून तर लिहिलं नाही. रॅम नाही, व्हायरस नाही, मग मदरबोर्डच असणार ना?

तिसरी_फेज
मदरबोर्ड राहू दे. मी जे तीन प्रश्न विचारले त्याचं उत्तर दे.

शिवारातला_खेळाडू
आम्ही आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहतो, सेलू तालुक्यात. घराची लाईन शेताच्याच डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून). बंद पडायची वेळ रात्री दहाच्या आसपास, मग साडेदहा-अकराला एखाद्या वेळी. फॅन बघितला नाही, थंडी आहे, बंदच असतो. मागच्या आठवड्यात एकदा पण बंद पडला नव्हता.

तिसरी_फेज
या आठवड्यात शेतीच्या लाईटीची पाळी रात्रीची आहे का?

शिवारातला_खेळाडू
हो. दहाला थ्री फेज, म्हणजे मोटारीची लाईट येते. हरभऱ्याला पाणी चालू आहे सगळ्यांचं.

तिसरी_फेज
सापडलं. तुझा पीसी लाईट गेल्यावर नाही, लाईट आल्यावर बंद पडतोय.
एका डीपीवर तुमच्या बारा-पंधरा मोटारी असतील. रात्री कोण उठून चालू करणार, म्हणून सगळ्यांनी ऑटोस्विच लावलेत. दहाला थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकाच वेळी उचलतात. ५ एचपीची मोटार चालताना साडेसात-आठ अँपिअर घेते, पण उचलताना त्याच्या पाच-सहा पट. पंधरा मोटारींचा तेवढा करंट एकदम ओढला की डीपीचं व्होल्टेज खाली बसतं. व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की पीसीचा एसएमपीएस साथ सोडतो. मोटारी फिरायला लागल्या की व्होल्टेज वर येतं आणि पीसी आपोआप परत चालू होतो. दुकानात शहराची लाईन होती, तिथं कसा बंद पडेल?

लातूरकर_गेमर
पण इन्व्हर्टर मध्ये आहे ना? तो बॅटरीवर का जात नाही?

तिसरी_फेज
बरोबर प्रश्न विचारलास. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो, यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड. इको मोडला तो साधारण १०० व्होल्टपर्यंत लाईन तशीच पुढे सोडतो. फॅन-बल्बला ते चालतं, बॅटरी वाचते. म्हणजे लाईट पूर्ण गेली की हा बॅटरीवर जातो आणि पीसी वाचतो. पण व्होल्टेज १६० झालं तर त्याच्या लेखी लाईट आहेच, तो ते १६० सरळ पीसीला देतो. यूपीएस मोडला १८० च्या खाली गेलं की बॅटरीवर जातो, आणि बदलायला वेळ पण कमी घेतो.
दहाच्या आधी वायरमनकडून नाहीतर मोटार भरणाऱ्याकडून (वाइंडिंगवाल्याकडून) मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं मीटर आण. पीसीच्या शेजारच्या पिनमध्ये लाव, एसी व्होल्टवर ठेव आणि बघत बस.

रॅमवाला_नांदेड
एवढं कशाला? एसएमपीएसच्या मागं लाल सरकता स्विच असतो, २३० आन् ११५ चा. तुझ्याकडं व्होल्टेज कमीच आहे ना, मग ११५ वर करून टाक. काम झालं.

तिसरी_फेज
अजिबात हात लावू नको! पाया पडतो. ११५ वर केलं की आतलं सर्किट आलेलं व्होल्टेज दुप्पट करून कपॅसिटरला देतं. मोटारी बंद झाल्या की २३० चं २४० येणार, मग फ्यूज तरी उडेल नाहीतर कपॅसिटर फुटेल. मी फुटलेला एसएमपीएस उघडून बघितलाय, आत कागदाची काळी राख पसरली होती. तो स्विच २३० वरच पाहिजे.

रॅमवाला_नांदेड
मला माहीत नव्हतं. वरचं कुणी करू नका.

शेतकरी_पुत्र_बीड
स्टॅबिलायझर घ्या सरळ. आमच्या घरी सगळं स्टॅबिलायझरवर आहे. आणि खरा उपाय म्हणजे ऑटोस्विच काढून मोटारीला कपॅसिटर लावणं, पण ऐकतं कोण? आम्ही 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये अर्ज केला, १० टक्के हिस्सा भरला, आता दिवसा पाणी देतो. रात्री साप-विंचवात दारं धरायला जायचं बंद झालं. दादा, तुम्ही पण अर्ज करा.

तिसरी_फेज
सौर पंप चांगलाच, पण त्याला आज रात्री मिशन करायचंय. आणि साधा रिलेचा स्टॅबिलायझर सावकाश कमी असलेलं व्होल्टेज उचलतो. मोटारीच्या झटक्यात व्होल्टेज अर्ध्या सेकंदात पडतं, तोवर त्याचं खट खट चालू राहतं आणि पीसी गेलेला असतो.

शेतकरी_पुत्र_बीड
आमचा पीसी तर जात नाही स्टॅबिलायझरवर. पाच वर्षं झाली.

तिसरी_फेज
तुमचं घर गावठाण फीडरवर असेल. त्यावर शेतीच्या मोटारी नसतात.

शेतकरी_पुत्र_बीड
हो, गावातच आहे.

शिवारातला_खेळाडू
मीटर आणलं. शेजारच्या आखाड्यावरच्या काकांकडं होतं, त्यांना मोटार भरायला लागतं.
पावणेदहाला २२१. दहाला दोन-तीन मिनिटं असताना २२४. मी पिनमध्ये दोन्ही दांड्या धरून बसलो होतो आन् आई टॉर्च धरून. दहाला विहिरीकडून आमच्या मोटारीचा आवाज आला आन् त्याच क्षणी मीटरवर १९०, १७१, १६२. तेवढ्यात पीसी काळा. चार-पाच सेकंदांत परत १८८ वर आलं आन् पीसी आपोआप चालू झाला. आमचीच मोटार आमच्या पीसीला पाडायलीय, हे चार रात्री लक्षात आलं नाही.
इन्व्हर्टरच्या मागं बघितलं. स्विच इकोवर होता. बसवणाऱ्यानं तसाच ठेवला असणार, आम्ही कधी मागं बघितलंच नाही. आता यूपीएसवर केलाय. बॅटरी १५० एएच आहे. रात्रभर असाच ठेवला तर चालेल का?

तिसरी_फेज
छान केलंस. एवढं लक्षात ठेव, मोटारी चालू असताना व्होल्टेज १८० च्या आसपास घुटमळलं तर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल-येईल आणि बॅटरी थकेल. खेळून झालं की परत इको कर. बॅटरीचं पाणी बघ, कमी असेल तर डिस्टिल्डच टाक, बोअरचं नको. पुढं पैसे आले की पीसीपुरता छोटा यूपीएस वेगळा घे आणि एसएमपीएस चांगला घे, १०० ते २४० व्होल्ट चालणारा. त्याला लाल स्विच नसतो. आणि तुमच्या मोटारीच्या ऑटोस्विचला थोडा उशीर लावता येत असेल तर लाव. सगळ्यांनी अर्धा-अर्धा मिनिट मागे-पुढे केलं तर डीपी पण जळणार नाही.

कन्सोलप्रेमी_पुणे
कन्सोल असता तर हे झालंच नसतं.

लातूरकर_गेमर
१६२ व्होल्टचा झटका बसला तर कन्सोल वाचेलच याची खात्री आहे का? आणि मध्येच बंद पडला तर त्यावर पण मिशन पहिल्यापासूनच.

सेव्हपॉइंट
गोदाकाठची ताई, तुमचं एक मला पटलं. लाईट गेल्यावर गेलेला वेळ ही गेमनं दिलेली शिक्षा नाही, ते नुसतं नुकसान आहे. बाहेर पडताना एक तात्पुरता सेव्ह द्यावा आणि परत आलं की तो पुसावा, एवढं मला चालेल. पण कुठेही कधीही सेव्ह, याला माझा विरोध कायम.

गोदाकाठची
बाहेर पडताना म्हणजे मी स्वतः बाहेर पडले तर. १६२ व्होल्ट झालं तर बाहेर पडायची संधी कुठे मिळते? तात्पुरता सेव्ह पण गेमनं आपोआप, दर मिनिटाला करायला पाहिजे.

सेव्हपॉइंट
दर मिनिटाला केला तर तोच कुठेही सेव्ह झाला की.

शिवारातला_खेळाडू
काल रात्री झालं. दहाला मोटार उचलली, इन्व्हर्टरनं टक केलं, ट्यूब जराशी लवली आन् पीसी चालूच. मी तेव्हा वाड्याच्या तिसऱ्या का चौथ्या मजल्यावर होतो, हात थांबला होता माझा. मग पाठलाग पण पूर्ण केला. मिशन पूर्ण झाल्याचं गाणं वाजलं तेव्हा साडेदहा झाले होते. लगेच घरी जाऊन फ्लॉपीवर सेव्ह केला आन् सेव्ह फाईल पेन ड्राइव्हवर घेतली.
तिसरी_फेज भाऊ, लई उपकार. काकांना पण सांगितलं, ते म्हणले त्यांचा टीव्ही पण दहालाच बंद पडतो, आम्हाला वाटलं केबलवाल्याचा प्रॉब्लेम आहे. आज त्यांच्या इन्व्हर्टरच्या मागं बघायला जायलो. त्यांच्याकडं जुना स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे साध्या प्रकारचा इन्व्हर्टर आहे, त्याला स्विच दिसंना. त्याला काय करावं?