मसाई माराचा टेंट कॅम्प आई-बाबांना झेपेल का?

सातारी_प्रवासी
ऑगस्टमध्ये आई-बाबांना (६८ आणि ७३) घेऊन केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचं ठरतंय. टूरवाले म्हणतात, लॉज नको, टेंट कॅम्प घ्या. कास-बामणोलीचे तंबू माहीत आहेत, पण हे जंगलातलं प्रकरण आहे. बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, शिवाय झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) लागतं. आई शाकाहारी आहे. टॉयलेट, गरम पाणी, लाइट यांची सोय नेमकी कशी असते?

कृष्णाकाठ_सांगली
कॅम्प कायमचा आहे की हंगामी, हे आधी विचारा. कायमच्या कॅम्पमध्ये चौथऱ्यावर जाड कॅनव्हासचा तंबू, आत पलंग आणि मागे तंबूलाच जोडलेली बाथरूम असते. फ्लश, बेसिन, नळाला गरम पाणी. बाबांना रात्री बाहेर पाऊल टाकावं लागत नाही.

हंगामी कॅम्पमध्ये बहुधा बकेट शॉवर. वेळ सांगायची, माणूस साधारण २० लिटर गरम पाणी पिशवीत ओतून ती दोरीने वर चढवतो. साखळी ओढून अंग ओलं करायचं, पाणी बंद करायचं, साबण लावायचा, मग पुन्हा सोडायचं. सलग सोडलं तर साबण अंगावर असतानाच पाणी संपतं.

सीपॅपचं मात्र बुकिंगआधी लेखी विचारून घ्या. बरेच कॅम्प सोलरवर चालतात आणि काही ठिकाणी रात्री तंबूतले प्लग बंद असतात, दिवे तेवढे चालू. तसं असेल तर मशीनला चालणारी बॅटरी न्या. मशीनमधल्या ह्युमिडिफायरचा (हवा दमट करणाऱ्या भागाचा) हीटर बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त टिकते. ती विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-अवरच्या वर असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. तिथला प्लग चौकोनी तीन पिनांचा असतो, आपली गोल पिन बसत नाही.

वाईची_मंदा
दादा, बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं. नदीकाठी रात्री पाणघोडे चरायला वर येतात. म्हणून अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंतही एकट्याने जायचं नाही. पहारेकरी (तिकडे अस्कारी म्हणतात) न्यायला-आणायला येतो. चेन खालपर्यंत लावलेली असली की प्राणी बंद तंबूच्या वाटेला सहसा जात नाहीत. खरा उपद्रव दिवसा माकडांचा. चिवडा, पेढे, फळं तंबूत अजिबात ठेवू नका, डबा किचनमध्ये द्या. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे खाऊ स्टीलच्या डब्यातच न्या.

काकूंच्या जेवणाची काळजी नको. चपाती तिथे घरोघरी होते, शिवाय गिथेरी म्हणजे मका-घेवड्याची उसळ मिळते. शाकाहारी म्हणजे अंडं-मासेही नाहीत, हे मात्र आधी स्पष्ट कळवा.

मिरज_जंक्शन
नैरोबीहून मारापर्यंत रस्त्याने पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करणारा आहे. या वयात विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्या, पाऊण-एक तासात पोचाल. पण सामान हातातल्या बॅगेसह माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत; चाकांची कडक सूटकेस चढवत नाहीत. सीपॅप त्याच वजनात धरतात का, ते विचारा.

पहाटेच्या उघड्या जीपमध्ये महाबळेश्वरच्या डिसेंबरइतकी थंडी वाजते, कानटोपी हवीच.

पिवळ्या तापाच्या लसीचं आजच बघा. दाखला टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतो आणि तो नसेल तर भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून दोघांनाही आधी डॉक्टरांकडे न्या. तिकिटं त्यानंतरच काढा.