रिव्हर्सो ड्युओफेस: चावीचं घ्यावं की ऑटोमॅटिक?

टॉवेलवाला_सोलापूर
मामांची साठी आली. उभा जन्म टॉवेल एक्स्पोर्टमध्ये गेला, स्वतःवर कधी चार पैसे उडवले नाहीत. आता म्हणतात, जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीचं रिव्हर्सो ड्युओफेस घड्याळ घ्यायचं. चौकोनी केस सरकवून उलटी केली की मागं दुसरी डायल, दुसऱ्या देशाची वेळ. यात चावीचंही येतं, ऑटोमॅटिकही, आणि घरात दोन तट पडलेत.

माझं मत चावीला. ऑटोमॅटिकची निम्मी मजा मागच्या काचेतून रोटर, म्हणजे हात हलला की फिरून आपोआप चावी देणारी चकती, गरगरताना बघण्यात असते. इथं मागं दुसरी डायल, रोटर तिच्याखाली गडप. न दिसणाऱ्या चकतीसाठी घड्याळ जाड कशाला करायचं? १९९४ सालचं पहिलं ड्युओफेस चावीचंच होतं. एकच मशीन, दोन्ही बाजूंचे काटे त्याच्यावरच.

घाईत_असतो
पटलं नाही. रोज सकाळी दाढी, डबा, गाडी आणि वर घड्याळाला चावी? साधारण ४२ तास चालतं ते. शुक्रवारी रात्री चावी देऊन कपाटात ठेवलं तर सोमवारी बंद. ऑटोमॅटिक हातात घातलं की विषय संपला. शिवाय सोलापूरचा मे महिना, मनगटावर घामाची धार. चावीचं बटण रोज फिरवलं की त्याचं पाणी अडवणारं सील झिजणारच.

टॉवेलवाला_सोलापूर
कपाटात ठेवलं तर ऑटोमॅटिक तरी कुठं चालतं? तेही सोमवारी गपगारच. आणि मामा आता दिवसभर आरामखुर्चीत. रोटर फिरायला हात तर हलायला पाहिजे!

घाईत_असतो
शेंगाचटणी कुटायला लावा की. (सीलचं उत्तर राहिलंच.)

जनता_१७_ज्वेल
सील सर्व्हिसिंगमध्ये बदलतात, एवढं काय. आमच्या वडिलांचं एचएमटी जनता अजून चालतंय. सकाळी चहा व्हायच्या आत चावी, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटी शेवटी बोटाला जड लागतं ना, तिथं थांबायचं. ते जड लागणं ऑटोमॅटिकमध्ये मिळत नाही. त्यात मी जुन्या वळणाचा, माझं मत मोजू नका.

साडेपाच
तुम्ही भांडताय भलत्याच गोष्टीवर. चावीच्या ड्युओफेसमध्ये मागचा तासकाटा बाजूच्या बटणानं एकेक तास पुढं उडतो, मिनिटकाटे मात्र दोन्हीकडचे एकमेकांना बांधलेले. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. मामांचा माल जर्मनीला जात असेल, तर फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे पुढं सोलापूरची बरोबर वेळ लावली की मागं जर्मनी कायम अर्धा तास चुकीची. दुबई घ्या, दीड तास, तीच गत.

गंमत बघा. मूळचं रिव्हर्सो १९३१ साली आलं ते इथं भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या म्हणून. काच वाचवली, आपला अर्धा तास कुणी धरलाच नाही. घेण्याआधी दुकानात समोर बसून दोन्ही डायलवर वेळ लावून बघा.

घाईत_असतो
हे माहीत नव्हतं. मग मागचा मिनिटकाटा काढून अर्धा तास सरकवून बसवायचा?

जनता_१७_ज्वेल
एवढ्या किमतीच्या नव्या घड्याळाला? नवी पेठेतला कुठलाच घड्याळजी हात लावणार नाही, आणि लावायला निघाला तर मीच त्याचा हात धरीन.

टॉवेलवाला_सोलापूर
आत्ता मामांना विचारून आलो. अर्ध्या तासाचं ऐकून हसले. म्हणाले, लंडनच्या पार्टीला फोन लावायचा असला की मी एचएमटीच उलटं, बारा खाली नि सहा वर, धरायचो. हिवाळ्यात तासकाटा जरा इकडंतिकडं दिसतो, पण वेळ तिथलीच. काढून दाखवलंसुद्धा. बंद होतं, मग चावी दिली.