खर्च फीचा नाही, घाईचा होतो

एकाने विचारलंय, एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) कंपनी कायद्याच्या कलम २४१च्या, म्हणजे सभासदांवरच्या अन्यायाच्या आणि गैरकारभाराच्या तक्रारीच्या अर्जाची फी १०,००० रुपये, मग वकील लाखांत का बोलतात? ती नुसती सरकारी फी हो. आमच्या घरच्या कंपनीत काकांनी बाबांना संचालकपदावरून काढलं, तेव्हा लगेच अंतरिम आदेश हवा होता. दोन रात्री आम्ही सभेच्या नोटिसा, मिनिट्स, शेअर ट्रान्सफरचे कागद यांचे गठ्ठे लावत बसलो. वरिष्ठ वकिलांची फी दर तारखेला, प्रकरण पुकारलं नाही तरी. तशा तीन तारखा गेल्या.

जिव्हारी लागलं ते वेगळंच. काकांच्या वकिलाचं बिल कंपनीच्या खात्यातून जात होतं, म्हणजे त्यात बाबांचाही पैसा होता! म्हणून पहिल्याच अर्जात कंपनीचा पैसा या भांडणात वापरायला मनाई मागा, आम्ही फार उशिरा मागितली. कलम २४२(२)खाली न्यायाधिकरण समोरच्यावर खर्च लावू शकतं, पण जिंकलात तरी सगळा परत मिळेल असं धरून कर्ज काढू नका.

आणि अर्ज करायला लागणारे १० टक्के शेअर नाहीत म्हणून खचू नका. कलम २४४नुसार सभासदसंख्येचा (म्हणजे शेअरधारकांच्या संख्येचा) दशांशही चालतो. सभासद दहाच्या आत असतील तर एकट्यालाही अर्ज करता येतो.